बेड्या घातल्याशिवाय अटक होत नाही?

साताऱ्यात राजवाड्याच्या चौपाटीवर चहा घेताना हे हमखास ऐकू येतं: "पोलीस घरी आले की बेड्या घालूनच नेणार, कायदाच आहे तसा." नाही हो. सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्येच प्रेमशंकर शुक्ला खटल्यात सांगितलं, की सरसकट बेड्या घालणं घटनाबाह्य आहे.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे अटक-तपासाची पद्धत ठरवणाऱ्या कायद्यात, कलम 43 बेड्यांना परवानगी देतं, सक्ती करत नाही. तीही सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला, खून, बलात्कार, अंमली पदार्थ अशा ठरावीक प्रकरणांत, गुन्ह्याचं स्वरूप आणि गांभीर्य बघून. माणूस शब्दाने वा कृतीने स्वाधीन झाला, तर त्याला धरण्याचीही गरज नाही. कलम 46 तर स्पष्टच आहे: पळून जाऊ नये एवढाच अटकाव, त्याहून जास्त नाही. गल्लीत वरात काढण्याची हौस यात कुठेच बसत नाही.

मात्र "रात्री घरातून कुणालाच नेता येत नाही" हीही अफवाच. सूर्यास्त ते सूर्योदय हे बंधन स्त्रियांच्या अटकेपुरतं आहे. अपवादात्मक परिस्थितीत महिला पोलीस अधिकारी दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेऊन अटक करू शकते.

आणि घरच्यांनो, अटकेच्या पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून तुमची सही चालते. वाचूनच करा.