फ्रेंचमध्ये माणसाचं वर्णन आणि वर्तमानकाळातली क्रियापदं

फ्रेंच शिकायला घेतलं की पहिल्या काही आठवड्यांतच स्वतःची नि दुसऱ्याची ओळख करून द्यावी लागते, ही ए१ म्हणजे सगळ्यात पहिली लेव्हल, आणि तिथलं बहुतेक काम वर्तमानकाळातच होतं. पाया दोन क्रियापदांचा: 'एत्र' म्हणजे असणं आणि 'आव्वार' म्हणजे जवळ असणं. दोन्ही अनियमित, त्यामुळे पाठांतराला पर्याय नाही.

'एत्र' असं चालतं, मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते या क्रमाने: झ स्वी, त्यु ए, इल ए, नू सॉम, वू जेत, इल सों. स्वभाव, उंची, देश, कामधंदा हे सगळं यानेच सांगतात. 'एल ए मेद्सँ' म्हणजे ती डॉक्टर आहे, मराठीसारखंच, मधे 'एक' वगैरे घालायचं नाही.

मराठी माणूस खरा अडकतो तो 'आव्वार'पाशी (झे, त्यु आ, इल आ, नू जाव्हों, वू जाव्हे, इल जों), कारण आपल्याकडे असं क्रियापदच नाही, 'मला भाऊ आहे', 'तिच्याकडे गाडी आहे', 'त्याचे केस लांब आहेत' सगळं आपण 'आहे'वरच भागवतो. फ्रेंचमध्ये मात्र वय, केस, डोळे 'आव्वार'कडे जातात. 'झे व्हँ ताँ' म्हणजे शब्दशः माझ्याकडे वीस वर्षं आहेत, तिथे 'झ स्वी' लावलं की चुकलंच.

आता 'इल सों' आणि 'इल जों' शेजारी ठेवून मोठ्याने म्हणून बघा. पहिलं 'ते आहेत', दुसरं 'त्यांच्याकडे आहे', आणि फरक फक्त स आणि ज एवढाच, तोही 'जोर', 'वजन' मधला ज. हा ज येतो कुठून तर 'ते' या अर्थाच्या 'इल'च्या शेवटी लिहितात तो, एरवी मुका असलेला एस पुढे स्वर आला की बोलायला लागतो. माझ्या मते तक्ते घोकण्याआधी कान इथे तयार करायला हवा. 'पार्ले' म्हणजे बोलणं, त्याचंही तेच: मी, तू, तो, ते या चौघांची रूपं लिहिताना शेपट्या बदलतात पण कानाला चारही वेळा नुसतं 'पार्ल', वेगळे ऐकू येतात ते फक्त 'नू पार्लों' आणि 'वू पार्ले'. 'बोलतो' आणि 'बोलतोय' दोन्हीला हेच रूप चालतं, त्यामुळे तेवढं ओझं कमी.

'त्यु' आणि 'वू' म्हणजे तू आणि तुम्ही, इंग्लिशवाल्यांना जे समजावून सांगावं लागतं ते आपल्याला घरातूनच येतं. लिंगाचं मात्र उलट आहे. मराठीत 'मी बोलतो', 'मी बोलते' असं क्रियापद बदलतं, फ्रेंचमध्ये 'झ पार्ल' दोघांचंही सारखं आणि बदलतं ते विशेषण: खूश असलेला मुलगा 'झ स्वी कोंताँ' म्हणतो, मुलगी 'झ स्वी कोंताँत', शेवटचा त स्पष्ट ऐकू येईल असा.

रोजच्या बोलण्यात 'नू'च्या जागी सर्रास 'ओं' येतं, अर्थ 'आपण' पण रूप 'तो'चं: ओं ने (आपण आहोत), ओं ना (आपल्याकडे आहे).