थर्मल की नाइट व्हिजन? आधी मगरीला विचारा

टेक्सासातल्या मामेभावाचा फोन आला, "दादा, रानडुकरांसाठी थर्मल घेऊ की नाइट व्हिजन?" तिकडे खासगी जमिनीवर रात्री डुकरं मारायची मुभा आहे. आपल्याकडे वन्यजीव कायद्याने शिकार बंद, तेव्हा बडोद्यात बसून मी बंदुकीबद्दल काय बोलणार! पण अंधारात बघायची ही दोन्ही यंत्रं इथल्या काळ्या घोड्याच्या पुलावरून मगरींच्या विश्वामित्री नदीवर रोखून पाहिली आहेत, तेवढं सांगितलं.

नाइट व्हिजनला उजेड लागतो, चांदण्यांचा का होईना. नळीच्या यंत्रात तो हजारो पटींनी वाढून पडद्यावर हिरवा उमटतो. डिजिटलला बहुधा अवरक्त (इन्फ्रारेड) टॉर्चची जोड असते. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा टॉर्च लांब पोचतो, पण समोरच्याला बारीक लाल ठिपका दिसतो. ९४०चा दिसत नाही, पल्ला मात्र घटतो. थर्मलला उजेडाशी काही देणंघेणं नाही. ते ८ ते १४ मायक्रॉनची उष्णता टिपतं, भर दुपारीसुद्धा. ही उष्णता साध्या काचेतून जात नाही, म्हणून भिंग जर्मेनियमचं आणि किंमत डोळे पांढरे करणारी. गाडीची काच वर ठेवून बघाल तर बाहेरचं काही दिसणार नाही, फार तर स्वतःचीच धुरकट सावली.

पुलावरून थर्मल लावलं तर काठावरचा कुत्रा दिव्यासारखा पेटला. झुडपाआड मांजराचं नुसतं शेपूट, तेही पांढरंशुभ्र. मगर मात्र गायब! थंड रक्ताचा प्राणी, पाण्यात पडून पडून अंग पाण्याइतकंच झालेलं, करड्यात करडं. मग नाइट व्हिजन लावलं, टॉर्च सुरू केला आणि त्याच जागी दोन ठिपके लखलखले. डोळे. जरा वेळाने नाकाडाचा उंचवटाही कळला. मघाशी आम्ही तिथेच "काही नाही" म्हणालो होतो.

डुक्कर गरम रक्ताचं, ते थर्मलमध्ये लपणार नाही. पण खोक्यावरचे १८०० मीटर म्हणजे "काहीतरी गरम आहे" एवढंच कळण्याचं अंतर. ते डुक्कर की वासरू, हे कळायला बरंच जवळ जावं लागतं. आणि धुक्यात नाइट व्हिजनचा टॉर्च आपल्याच तोंडावर उलटतो. थर्मल विरळ धुक्यात निभावतं, जोराच्या पावसात तेही फिकं पडतं.

मग मामेभावाने हळूच सांगितलं, कुंपणापलीकडे शेजाऱ्याची वासरं असतात. म्हटलं, असं असेल तर थर्मल गळ्यात, शोधायला. बंदुकीवर नाइट व्हिजन, डुक्कर की वासरू ते ओळखायला.