भरती, भोंगा आणि दिवसाचं काम

लवकर उठा, कामांची यादी करा, अवघड काम आधी उरका. दिवस सार्थकी लावायचे असे सल्ले आज हवे तेवढे मिळतात. त्यांचा माग काढत मागे गेलं की बऱ्याच वाटा अमेरिकेतल्या पोलाद कारखान्यांत जातात. फ्रेडरिक टेलरने तिथे हातात स्टॉपवॉच घेऊन मजुरांच्या एकेका हालचालीला लागणारा वेळ मोजला आणि १९११ साली त्याचं शास्त्र मांडलं. मालकाने मजुराला लावलेली ती मोजपट्टी पुढे कचेरीतल्या माणसाने स्वतःलाच लावून घेतली.

कोकण किनाऱ्यावर दिवस आखण्याची रीत याहून पुष्कळ जुनी. किती तास काम केलं, असं तिथे कोणी विचारत नसे. आत्ता कुठलं काम होण्यासारखं आहे, एवढंच पाहिलं जाई.

याचं कारण समुद्र. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. त्यामुळे 'रोज सकाळी सात वाजता' असं वेळापत्रक खाडीकाठी आठवडाभरही टिकत नाही. कोळ्यांचा हिशोब सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला पूर्ण भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. पुनव आणि अवसेला ती दुपारी-मध्यरात्री बाराच्या आसपास येते, आणि पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून सुरू होते. बंदरागणिक थोडा फरक पडतो, पण होडी केव्हा लोटायची हे ठरवायला एवढं पुरतं. पुनव-अवसेचं उधाण आणि अष्टमीच्या आसपासचा भांग (पाणी कमी चढतं-उतरतं तो काळ) यांतही पाण्याची ओढ सारखी नसते, म्हणून जाळंही एकच चालत नाही. ओहोटी लागली की कालवं आणि तिसऱ्या असे शिंपले काढायला बायका खाडीत उतरतात. तेवढ्या दोन-तीन तासांत जे हाती लागेल ते लागेल. पाणी चढलं की हात आपोआप दुसऱ्या कामाला मोकळे होतात.

यातली एक गोष्ट आजही जशीच्या तशी उचलण्याजोगी आहे. दिवस आखताना न हलणारं काम आधी मांडायचं, बाकीची त्याच्याभोवती बसवायची. आपल्या याद्यांत सगळी कामं एकाच रांगेत उभी असतात आणि आपण बहुधा सोप्यापासून सुरुवात करतो. बंदरावरच्या माणसाला ती चैन परवडत नाही.

शेतीचंही तसंच. घड्याळाच्या जागी नक्षत्रं. उन्हाळ्यात राब, म्हणजे रोपांच्या जागेवर पसरलेला पालापाचोळा, भाजायचा, मृग लागायच्या आत घर शाकारायचं, लाकूडफाटा आणि सुकी मासळी भरून पावसाळ्याची बेगमी करायची. पावसाने जोर धरला की तरवा, म्हणजे भाताची रोपं, तयार होतो आणि मग लावणी. ७-८ जूनला मृग लागतो आणि त्याच्याकडे मुदतवाढ मागता येत नाही. मासेमारीत तर न जाण्याचाही काळ ठरलेला होता. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून ठेवायच्या आणि जाळी तुणायची. महाराष्ट्रात यांत्रिक नौकांवर आता १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. त्याच दिवसांत इंजिन उघडलं जातं, होडीला रंग लागतो. दुरुस्तीला कामाचा दर्जा आणि स्वतंत्र मुदत देणारी ही पद्धत मला कुठल्याही यादीपेक्षा शहाणपणाची वाटते. आपण मात्र दुरुस्ती उरलेल्या वेळात ढकलतो, आणि वेळ उरत नाही.

हे सारं निसर्गाशी एकरूप वगैरे म्हणून सजवायची गरज नाही. भरती सगळ्यांची सारखी असली तरी दिवस सगळ्यांच्या मालकीचा नव्हता. खोती असलेल्या गावांत, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या खोताचा जिथे अंमल असे तिथे, कुळाला खोताची वेठ, म्हणजे फुकटचं सक्तीचं काम, करावं लागे, आणि वेठीला बोलावणं बहुधा लावणी-कापणीच्या ऐन दिवसांतच येई. अलिबागजवळच्या चरी गावचा खोतांविरुद्धचा शेतकऱ्यांचा संप १९३३ ते १९३९ असा सहा वर्षं चालला. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ उजाडलं. दिवस सार्थकी लावायचा तर तो आधी आपल्या हातात असावा लागतो, हे सल्ले देणारे सहसा सांगत नाहीत. आणि बायकांचं म्हणाल तर मासळीची पाटी, पाणी, पेज, पोरं यांना भांगही नव्हता आणि बंदीचा काळही नव्हता.

तासांचा हिशोब आला तो मुंबईहून. १८५६ साली तिथली पहिली कापड गिरणी सुरू झाली आणि पुढे गिरण्यांतल्या मजुरांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोकांचा भरणा सर्वांत मोठा झाला. सुरुवातीला गिरण्या दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत चालत. विजेचे दिवे आले आणि पाळी चौदा तासांवर गेली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवारी आपण ज्या हक्काने लोळतो, तो असा मिळवलेला आहे. पुढे कायद्याने गिरणीतला दिवस १९११ साली बारा तासांवर, १९२२ साली अकरावर, १९३४ साली दहावर आणला आणि १९४८ साली आठवड्याची मर्यादा ४८ तास झाली.

घड्याळ कोणाचं लावायचं, यावरूनही वाद झाला. १ जानेवारी १९०६ पासून देशाची प्रमाणवेळ सुरू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे. मजुरांच्या लेखी याचा अर्थ इतकाच की रोज ३९ मिनिटं आधी उठून कामावर जा. एका गिरणीत त्यावरून त्याच महिन्यात कामही बंद पडलं. शहराने 'मुंबई टाइम' स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं सांभाळला. रत्नागिरीत आजही सूर्य डोक्यावर येतो तो साडेबाराच्या पुढेमागे. पहाटे पाचला उठण्याचा वसा घेणाऱ्या कोकणातल्या माणसाने हे लक्षात ठेवावं. सूर्याच्या हिशोबाने तो साडेचारच्याही आधी उठत असतो.

चाकरमानी या दोन्ही काळांत राहिला. वर्षभर भोंग्यावर, गणपतीला आणि शिमग्याला गावच्या वेळेवर. गावी आल्यावर सुरुवातीला तो घाई करतो आणि घरचे हसतात. परतायची वेळ आली की उलट.

याच मातीतल्या दोन माणसांचा दिनक्रम इथे आठवतो. मुरुडचे धोंडो केशव कर्वे पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत आणि काम आटोपलं की चालत हिंगण्याच्या विधवांसाठीच्या आश्रमात जात. चिपळूणजवळच्या परशुराम-पेढ्याच्या पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड १९३० ते १९६२ या काळात काढले, त्यातली बरीच वर्षं वकिली सांभाळून. दोघांनीही मोठं काम रोजच्या ठरलेल्या वाट्याने पुढे नेलं.

पंचवीस मिनिटं एकचित्ताने काम आणि मग थोडी विश्रांती, ही आजची लोकप्रिय 'पोमोदोरो' पद्धत इटलीच्या फ्रान्चेस्को सिरिलोने १९८०च्या दशकाच्या शेवटी विद्यार्थी असताना टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या टायमरवर बेतली. आपली घटिका २४ मिनिटांची: भोक पाडलेलं तांब्याचं पात्र पाण्यात बुडायला लागणारा वेळ. पण 'आमच्याकडे हे आधीच होतं' म्हणायची घाई नको. घटिकापात्र मुहूर्त साधायला ठेवत, लक्ष एकवटायला नव्हे.

इंजिन आलं, बर्फ आला, आणि होडीची वाऱ्यावरची भिस्त संपली. आता ट्रॉलर कित्येक दिवस समुद्रातच राहतात. मार्च ते मे आंबा काढणारा पहाटे झाडावर चढतो, कारण संध्याकाळी वाशीच्या बाजाराचा ट्रक सुटायच्या आत पेट्या भरलेल्या हव्यात. कामाचे तास मोजणारा १९४८चा कायदा कारखान्यांसाठी होता. होडी, बाग आणि चूल त्यात आलीच नाहीत.