फक्त ऐकणारी इथरनेट जोडणी: बसवण्याआधी हे वाचा

नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या संगणकाने स्वतः एकही पॅकेट (डेटाचा तुकडा) सोडू नये असं वाटत असेल, तर नुसत्या सेटिंगवर विसंबू नका. आयपी पत्ता काढला तरी एखाद्या अपडेटनंतर लॅन कार्ड पुन्हा बोलू लागू शकतं. पाठवायची तारच जोडलेली नसेल तर ती भीती उरत नाही.

हे जमतं १०० मेगाबिटपर्यंतच. त्या वेगाला पिन १-२ वरून एका दिशेचा आणि ३-६ वरून दुसऱ्या दिशेचा डेटा जातो. गिगाबिटला चारही जोड्यांवर एकाच वेळी दोन्हीकडून सिग्नल असतो, त्यामुळे तिथे तार कापून काही साधत नाही.

मिरर पोर्टच्या (स्विचचा असा पोर्ट, ज्यावर दुसऱ्या पोर्टच्या डेटाची नक्कल येते) केबलमधली एक जोडी कापायची युक्ती बरेच जण करून पाहतात. ती फसते. समोरून सिग्नल आला नाही की स्विचचा पोर्ट खालीच राहतो आणि आपल्याकडे काहीच पाठवत नाही. म्हणून चालू लाइनच्या मध्ये टॅप, म्हणजे सिग्नलची फांदी काढणारी जोडणी, बसवावा लागतो.

त्यासाठी चार कीस्टोन जॅक (केबल खोचायची छोटी सॉकेट) घ्या. अ आणि ब लाइनमध्ये, क आणि ड ऐकण्यासाठी. अ-ब दरम्यान १, २, ३, ६ सरळ जोडा. लाइनची १ क्रमांकाची तार क च्या ३ वर आणि २ क्रमांकाची ६ वर न्या. ड ला लाइनच्या ३ आणि ६ त्याच क्रमांकांवर येतील. क आणि ड च्या १-२ रिकाम्या ठेवायच्या. सगळं काम याच रिकामेपणाचं आहे. जोडीचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका. ३ बरोबर ६ ऐवजी ४ घेतली तर मल्टिमीटर सगळं ठीक दाखवतो, पण लाइनवर पॅकेट खराब होत राहतात. क आणि ड पासूनच्या केबल एक-दोन मीटरच्याच ठेवा, कारण प्रत्येक फांदी मुख्य सिग्नल थोडा खाते.

दोन दिशा म्हणजे दोन लॅन कार्ड. दोन्ही बाँड करून, म्हणजे संगणकात एकच कार्ड असल्यासारखी जोडून, एकत्र वाचा.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट. निळी आणि तपकिरी जोडी नसतानाही दोन्ही टोकांची उपकरणं आपसात गिगाबिट ठरवतात आणि मग लिंकच लागत नाही. काही उपकरणं आपणहून वेग उतरवतात, काही उतरवत नाहीत. म्हणून टोकांवर ऑटो-निगोशिएशन (दोन्ही टोकांनी आपसात वेग ठरवणं) चालू ठेवून फक्त '१०० फुल' (१०० मेगाबिट, दोन्ही दिशा एकाच वेळी) जाहीर करायला लावा. एकाच टोकावर वेग सक्तीने बसवला तर दुसरं टोक हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकच दिशा) जातं आणि नेटवर्क रडतखडत चालतं.

ऐकणाऱ्या कार्डांवर मात्र १०० फुल सक्तीने लावा आणि ऑटो-एमडीआयएक्स (पाठवायची-घ्यायची जोडी आपोआप बदलण्याची सोय) बंद करा. ते चालू राहिलं तर कार्ड जोड्यांची अदलाबदल करून ३-६ वरूनच पाठवू पाहील, म्हणजे थेट तुमच्या चालू लाइनवर. ज्या कार्डात हे बंद करता येत नाही ते या कामाला घेऊ नका. आयपी पत्ता देऊ नका, प्रॉमिस्क्युअस मोड (इतरांसाठीची पॅकेटही घेणं) चालू करा आणि जीआरओ-एलआरओ (आलेली पॅकेट जोडून मोठी करणाऱ्या सोयी) बंद करा. नाहीतर लाइनवर कधी नव्हतीच अशी अवाढव्य पॅकेट दिसतील.

केबलमधूनच वीज घेणाऱ्या कॅमेऱ्यांच्या किंवा फोनच्या लाइनवर हा टॅप लावू नका.

तपासताना आधी सगळं काढून मल्टिमीटरने पाहा: क आणि ड च्या १-२ चा इतर कुठल्याही पिनशी जोड असल्याचा बीप आवाज येता कामा नये. मग लाइन जोडा (बसवताना ती काही सेकंद तुटेल, वापरणाऱ्यांना आधी सांगा) आणि ऐकणाऱ्या संगणकाला तात्पुरता पत्ता देऊन लाइनच्या टोकावरच्या संगणकाला पिंग करा. ऐकणाऱ्याच्या कार्डाचा 'पाठवलेली पॅकेट' आकडा वाढेल, तो पुरावा धरू नका; कार्डाला तार रिकामी असल्याचं ठाऊक नसतं. टोकावरच्या संगणकाच्या कॅप्चरमध्ये (आलेल्या पॅकेटच्या नोंदीत) त्या पिंगची एआरपी विनंतीही (पिंगआधी समोरच्याचा हार्डवेअर पत्ता विचारणारं पॅकेट) दिसली नाही, तरच जोडणी बरोबर. नंतर तो पत्ता काढून टाका.