‘मी’ म्हणजे लेखक नव्हे

कथेत ‘मी’ आला की तो लेखकच, हा समज शाळेपासून पक्का होतो आणि एम.ए.च्या उत्तरपत्रिकेतही ‘इथे लेखक म्हणतो की...’ असं उतरतो. तो चुकीचा आहे. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही हरिभाऊ आपट्यांची कादंबरी १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः आली. तिच्यात ‘मी’ म्हणून बोलते ती नायिका यमू. लिहिणारा पुरुष, सांगणारी स्त्री. सांगणाऱ्याला निवेदक म्हणतात. तोही लेखकानं घडवलेलाच असतो.

दुसरी गल्लत जास्त नडते. ‘तो’, ‘ती’ असं निवेदन दिसलं की विद्यार्थी ‘सर्वज्ञ निवेदक’, म्हणजे सगळ्यांच्या मनातलं जाणणारा निवेदक, असं लिहून मोकळे होतात. फ्रेंच अभ्यासक जेरार जनेत यांनी १९७२मध्ये दोन प्रश्न वेगळे केले: बोलतंय कोण आणि पाहतंय कोण? हे वाचा:

‘सुमन घरी आली. दाराला कडी नव्हती. किती वेळा सांगायचं आईला!’

बोलतोय निवेदक, पण वैताग सुमनचा. ‘तिला वाटलं’ हे शब्द नाहीत, म्हणून तो निसटतो आणि निवेदकाच्या, मग लेखकाच्या नावावर जमा होतो.

ताडून पाहायला ‘सुमन’च्या जागी ‘मी’ घाला, क्रियापद बदला. ‘मी घरी आले...’ उतारा सहज चालतो, म्हणजे पाहणारी सुमन, दृष्टी तिची. ‘सुमनचा चेहरा लालबुंद दिसत होता’ याचं मात्र ‘माझा चेहरा लालबुंद दिसत होता’ केलं की अडखळतं. समोर आरसा नसेल, तर इथे पाहणारा बाहेरचा आहे. दृष्टी परिच्छेदागणिक, कधी वाक्यागणिकही सरकते. म्हणून अख्ख्या कथेवर एकच शिक्का मारू नका. जिथे ती बदलते त्या वाक्याखाली रेघ ओढा आणि तिथूनच विश्लेषण सुरू करा.