एक क्विंटल कापूस आणि पाच ठिकाणचे आकडे

खान्देशात धरणगाव किंवा शहाद्याकडे कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या एखाद्या जिनिंगच्या मालकाला पडणारा प्रश्न अगदी साधा असतो: गेल्या हंगामात दर क्विंटल कापसामागे आपल्याला नेमके किती सुटले? उत्तर मात्र पाच ठिकाणी पांगलेले असते. गाडीचे वजन भुईकाट्याच्या संगणकात, शेतकऱ्याला दिलेले पैसे टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, गाठींची संख्या गाठी बांधणाऱ्या प्रेसवरच्या रजिस्टरात, सरकीचा सौदा दलालाच्या व्हॉट्सअॅप मेसेजमध्ये आणि विजेचे बिल फाइलला टाचलेले. यातली एकही नोंद खोटी नसते, पण त्या एकमेकींशी बोलत नाहीत. मार्चअखेर मुनीमजी रात्री जागून एक आकडा काढतात. तो कसा काढला, हे पुढच्या वर्षी कुणालाच नीट सांगता येत नाही.

मोठ्या कंपन्यांना हीच अडचण १९८० च्या दशकात जाचू लागली होती. आयबीएममधल्या बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी १९८८ मध्ये तिच्यावर एक रचना मांडली, तिथून ‘डेटा वेअरहाऊस’ ही कल्पना रुळली. रोजचे काम करणाऱ्या यंत्रणांना हात लावायचा नाही. ठरावीक वेळी त्यांच्यातल्या नोंदींची नक्कल उचलायची, ती एका मापात आणि एका नावात आणायची आणि प्रश्न विचारण्यासाठीच राखलेल्या वेगळ्या जागी साठवायची. पुढे बिल इनमन यांनी अशा साठ्याची चार लक्षणे सांगितली: मांडणी विषयानुसार हवी, सगळ्या नोंदी एकसंध हव्यात, प्रत्येक नोंद काळाशी बांधलेली हवी आणि एकदा आत आलेली नोंद पुसली जाऊ नये. शेवटची दोन लक्षणे वाचताना किरकोळ वाटतात, पण मला तीच सर्वांत मोलाची वाटतात.

वेगळी जागा कशाला, बिलाच्या सॉफ्टवेअरलाच का विचारू नये? कारण दोन्ही कामांचा स्वभाव वेगळा आहे. काट्यावर पावती करताना एकाच गाडीची सगळी माहिती एकदम लिहायची असते: नाव, गाव, गाडी नंबर, भरलेले वजन, रिकामे वजन, ओलावा, भाव. म्हणून तिथे एक पावती सलग साठवलेली बरी. पण ‘दहा वर्षांत नोव्हेंबरच्या मालाचा सरासरी ओलावा किती’ असे विचारले, तर लाखो पावत्यांतली दोनच घरे हवी असतात, तारीख आणि ओलावा. सलग साठवणीत त्यासाठी प्रत्येक पावती पूर्ण चाळावी लागते आणि तेवढ्यात काट्यावर गाड्यांची रांग लागते. आजची बहुतेक वेअरहाऊसे रकान्यानुसार साठवण करतात. सगळ्या तारखा एकत्र, सगळे ओलावे एकत्र. डेटाबेस संशोधक मायकेल स्टोनब्रेकर आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या ‘सी-स्टोअर’ या प्रयोगाने या पद्धतीला मोठा जोर दिला. शिवाय एका रकान्यात तीच तीच किंमत पुन्हा येत असेल, तर ती लाख वेळा न लिहिता ‘ही किंमत, लाख वेळा’ एवढेच लिहून भागते. जागाही वाचते, वेळही.

यंत्राचा भाग असा सुटण्यासारखा आहे. खरी मेहनत मापांत आणि नावांत आहे.

कापूस क्विंटलने घेतला जातो. रुईचा भाव खंडीवर बोलला जातो आणि खंडी म्हणजे ३५६ किलो. गाठ बांधली जाते सुमारे १७० किलोची. सरकी पुन्हा क्विंटलने विकली जाते. कापसातून वजनाच्या साधारण एक तृतीयांश रुई निघते, म्हणजे एका खंडीमागे साडेदहा-अकरा क्विंटल कापूस लागतो. हे गणित मुनीमजींच्या बोटांवर असते, संगणकाला ते कुणीतरी सांगावे लागते. त्यातही ओला कापूस अंगणात वाळतो आणि काट्यावरचे वजन कमी होते. ही घट नोंदवायला कुठेच रकाना नसेल, तर ती नफ्या-तोट्याच्या आकड्यात गुपचूप मिसळते.

याहून अवघड गोष्ट म्हणजे ढीग. वीस शेतकऱ्यांचा कापूस एका ढिगात पडला की कुठली गाठ कुणाच्या मालाची, हे सांगण्याची सोय संपते. वेअरहाऊस कितीही चांगले असले तरी जे नोंदवलेच नाही ते त्यातून बाहेर येणार नाही. म्हणून या क्षेत्रातले दुसरे मोठे नाव, राल्फ किंबॉल, तक्ता आखण्याआधी एक गोष्ट ठरवायला सांगतात: तक्त्यातली एक ओळ म्हणजे नेमके काय? एक पावती, एक ढीग की एक दिवस? जिनिंगपुरते बोलायचे तर खरेदीची ओळ पावतीची ठेवता येते, पण खरेदी आणि विक्री यांची सांगड ढिगाच्या पातळीवरच घालता येते. हे आधी मान्य केले नाही, तर पुढचे सगळे आलेख दिसायला देखणे आणि चुकीचे निघतात.

नावांचे दुखणे तर घरोघरचे. चौधरी हे आडनाव इंग्रजी लिपीत चार तऱ्हांनी लिहिले जाते आणि संगणकाला ते चार वेगळे शेतकरी वाटतात. उच्चारावरून नावे जुळवण्याची ‘साउंडेक्स’ नावाची युक्ती रॉबर्ट रसेल यांनी अमेरिकेत शोधली, १९१८ मध्ये तिला पेटंट मिळाले. पहिले अक्षर ठेवायचे, स्वर गाळायचे, सारख्या वाटणाऱ्या व्यंजनांना एकच अंक द्यायचा. चौधरी कसेही लिहिले तरी ‘सी-३६०’ येते. पण चित्रेही ‘सी-३६०’च होतात आणि पाटील व पटेल दोघेही ‘पी-३४०’. जिथे एका गावात पाटलांची घरेच घरे, तिथे फक्त आवाजावर विसंबून खाती एकत्र केली तर एकाचे पैसे दुसऱ्याच्या नावावर दिसतील. नावाबरोबर गाव, मोबाइल, बँक खाते हेही जुळले पाहिजे, आणि शंका उरली तर निर्णय माणसानेच घ्यावा.

व्यापाऱ्यांच्या बाबतीत जीएसटी क्रमांकाने हे काम सोपे केले आहे. पंधरा अक्षरांतली पहिली दोन राज्याची, महाराष्ट्र २७ आणि मध्य प्रदेश २३, त्यापुढची दहा पॅनची. जळगाव आणि सेंधवा इथे पेढी असलेल्या एकाच व्यापाऱ्याचे दोन क्रमांक सुरुवातीला वेगळे दिसतात, पण मधली दहा अक्षरे एकच निघतात.

आता काळाकडे येऊ. जळगावच्या सराफाने मे २०२४ ची विक्री मे २०२५ शी ताडून पाहिली, तर धंदा बसल्यासारखा वाटेल. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, २०२४ मध्ये १० मे रोजी होती आणि २०२५ मध्ये ३० एप्रिलला. म्हणून वेअरहाऊसमध्ये तारखांचा एक स्वतंत्र तक्ता ठेवतात. प्रत्येक तारखेसमोर तिचे आर्थिक वर्ष, ऑक्टोबर ते सप्टेंबर असा कापूस हंगाम, सण, बाजाराचा दिवस. हा तक्ता एकदा बसून भरावा लागतो. मला विचाराल तर सगळ्या खटाटोपात याच्याइतके स्वस्त आणि उपयोगी काम दुसरे नाही.

नोंद पुसू नये, या लक्षणाचा अर्थ खान्देशात फार चांगला समजतो. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा हे सगळे तालुके त्या दिवसापासून दुसऱ्या जिल्ह्यात गेले. एखाद्या बियाणे वितरकाने जुन्या नोंदींतला जिल्हा खोडून नवा लिहिला, तर १९९७ चे छापील अहवाल आणि संगणकातले आकडे कधीच जुळणार नाहीत. काहीच बदलले नाही, तर उलटा घोळ. वेअरहाऊसमध्ये तालुक्याच्या दोन ओळी ठेवतात: शहादा, जिल्हा धुळे, ३० जून १९९८ पर्यंत; आणि शहादा, जिल्हा नंदुरबार, १ जुलै १९९८ पासून. प्रत्येक विक्री त्या वेळच्या ओळीला बांधलेली राहते. मग तेव्हाच्या जिल्ह्याप्रमाणेही बेरीज मिळते आणि आजच्या जिल्ह्याप्रमाणेही. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले, तिथे मात्र प्रकार निराळा: संस्था तीच, नाव नवे. अशा ठिकाणी क्रमांक एकच ठेवून नाव बदलले तरी चालते. फाळणी कुठली आणि नामांतर कुठले, हे ठरवायला तो भाग ओळखणारा माणूसच लागतो.

या सगळ्यासाठी महागडी सेवा लगेच विकत घ्यायला धावू नये, असे मला मनापासून वाटते. एका जिनिंगच्या दहा वर्षांच्या पावत्या काही लाखांच्या घरात जातील आणि पोस्टग्रेएसक्यूएलसारखा मोफत डेटाबेस साध्या संगणकावर त्या आरामात सांभाळतो. क्लाउडवरच्या काही सेवा तर प्रश्न विचारताना किती डेटा वाचला त्यावर पैसे आकारतात, त्यामुळे गरज नसलेले रकाने मागवले की बिल फुगते. पहिले आठ-पंधरा दिवस मुनीमजी, काट्यावरचा माणूस आणि प्रेसचा फोरमन यांच्यासोबत बसून मापांची, नावांची आणि तारखांची यादी करावी. आणि बाहेरून आलेली प्रत्येक फाइल, चुकांसकट, जशी आली तशी एका बाजूला जपून ठेवावी. दुरुस्त्या नकलेवर कराव्यात. दोन वर्षांनी एखाद्या रूपांतरात चूक सापडली, तर त्या मूळ फाइलींपासून सगळा हिशेब पुन्हा उभा करता येतो.