स्टेडीकॅम आणि त्याचा तोल

स्टेडीकॅम : चालत्या किंवा पळत्या माणसाने अंगावर पेललेल्या कॅमेऱ्यातून धक्केविरहित, तरंगते चित्र मिळवून देणारे यांत्रिक साधन. अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे कॅमेरामन गॅरेट ब्राउन यांनी ते १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात विकसित केले आणि सिनेमा प्रॉडक्ट्स कॉर्पोरेशन या कंपनीने १९७५ मध्ये ते व्यवसायात आणले. मूळ साधनात कॅमेरा सरळ ठेवणारी मोटर नव्हती. वजनांची मांडणी, स्प्रिंगांचा ताण आणि गिंबल या सर्व दिशांना मोकळेपणी फिरणाऱ्या सांध्याची नेमकी जागा यांवर ते चालते. त्यामुळे कॅमेरा बदलला, लेन्स बदलली, इतकेच काय समोर फिल्टर लावला तरी तोल नव्याने साधावा लागतो.

त्याआधी फिरता कॅमेरा हवा असेल तर रूळ टाकून त्यांवर ट्रॉली ढकलावी लागे, क्रेन आणावी लागे, नाहीतर कॅमेरा हातात धरून थरथर सोसावी लागे. जिना, दाट झाडी, अरुंद बोळ अशा जागी रूळ पोचतच नसत. ब्राउन यांनी नमुन्यादाखल केलेल्या चित्रणात त्यांची मैत्रीण (पुढे पत्नी) फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाच्या पायऱ्या धावत चढते. ते चित्रण दिग्दर्शक जॉन अ‍ॅव्हिल्डसन यांनी पाहिले आणि ‘रॉकी’ (१९७६) या चित्रपटात त्याच पायऱ्या आल्या. मात्र स्टेडीकॅम प्रथम वापरले गेले ते ‘बाउंड फॉर ग्लोरी’ या चित्रपटासाठी. त्यात ब्राउन कॅमेऱ्यासह उंच क्रेनवरून खाली येतात, क्रेनवरून उतरतात आणि तसेच चालत स्थलांतरित मजुरांच्या गर्दीत शिरतात. क्रेन आणि पाय यांचा असा सांधा आधी कोणी जुळवला नव्हता. त्या चित्रपटाच्या छायालेखनासाठी हॅस्केल वेक्सलर यांना ऑस्कर मिळाले. १९७८ मध्ये खुद्द साधनालाही अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

साधनाचे भाग तीन. ऑपरेटर अंगात घालतो ते व्हेस्ट. त्याला जोडलेला, कोपरासारखा दुमडणारा स्प्रिंगांचा आर्म. आणि आर्मच्या टोकाला गिंबलवर टेकलेला स्लेड. स्लेड म्हणजे एक उभा दांडा. त्याच्या माथ्यावर कॅमेरा आणि तळाशी बॅटरी व मॉनिटर असतो. ऑपरेटर कॅमेऱ्याला डोळा लावत नाही, कारण डोके टेकले की डोक्याचा हिसका चित्रात उतरतो. तो खालच्या मॉनिटरकडे पाहून चालतो.

हा दांडा आणि त्याची दोन जड टोके हेच या शोधाचे मर्म आहे. नुसत्या कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य कॅमेऱ्याच्या आत असतो, तिथे बोट लावता येत नाही. बॅटरी व मॉनिटर खाली लांब नेले की सगळ्या जुळणीचा गुरुत्वमध्य खाली सरकून दांड्यावर येतो आणि तिथे गिंबल बसवता येते. दुसरा लाभ त्याहून मोठा. वजन मध्यापासून दूर गेले की वस्तू वळवायला अधिक जोर लागतो आणि हा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर हातात लांब बांबू आडवा धरते त्यामागेही हेच भौतिकशास्त्र आहे. पावलाचा बारीक हिसका एवढ्या पसरलेल्या वजनाला वळवू शकत नाही, पण बोटांचा सावकाश, सलग दाब वळवू शकतो.

तोल साधण्याची सुरुवात कॅमेऱ्यावर सगळे चढवल्यावरच करायची: लेन्स, मॅट बॉक्स (लेन्ससमोरची, उजेड अडवणारी व फिल्टर धरणारी चौकट), फोकसची मोटर, केबल, कार्ड, बॅटरी. एक सैल लोंबती केबलही तोल बिघडवते, म्हणून केबल दांड्यालगत बांधून घेतात. झूम लेन्स असेल तर ज्या ठिकाणी ती जास्त वेळ राहणार तिथे ठेवून तोल साधतात, कारण काही लेन्सची नळी झूम करताना पुढे सरकते. फिल्मच्या काळात ही अडचण आणखी बिकट होती. ३५ मिलिमीटरच्या फिल्मचे ४०० फुटी मॅगझिन (फिल्मची पेटी) साडेचार मिनिटांच्या आत संपे, आणि तेवढ्यात फिल्म एका रिळावरून दुसऱ्यावर जाताना तिचे वजनही सरके. एकाच शॉटच्या सुरुवातीचा आणि शेवटचा तोल वेगळा पडे.

स्लेड स्टँडला टांगून आधी डावे-उजवे आणि पुढचे-मागचे वजन समान करतात. कॅमेऱ्याखालची पट्टी स्क्रूने मिलिमीटर-मिलिमीटर सरकते. दांडा दोन्ही बाजूंनी पाहता ओळंब्यात उभा राहिला की हा टप्पा संपला. कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य दांड्याच्या अक्षाच्या साधारण २ सेंटिमीटर मागे ठेवून सुरुवात करण्याची पद्धत आहे. तिचे कारण पुढे येते.

यानंतर वर-खाली तोल. गिंबल गुरुत्वमध्याच्या किंचित वर असावे लागते, म्हणजे खालची बाजू जराशी जड राहते. किती जड, ते ड्रॉप टाइमने मोजतात. दांडा आडवा धरून सोडायचा आणि तो उभ्या रेषेतून जाईपर्यंतचे सेकंद मोजायचे. सर्वसाधारण कामाला २ ते ३ सेकंद ठीक. एका सेकंदात दांडा धाडकन खाली आला तर तळ फार जड आहे, गिंबल थोडे खाली घ्यायचे. नवशिके मुद्दाम तळ जड ठेवतात, कारण कॅमेरा आपोआप सरळ उभा राहतो आणि हाताला सोपे वाटते. पण अशी जुळणी लोलक होते. ऑपरेटर चालू लागला की तळ मागे राहतो, थांबला की पुढे झुलतो, आणि क्षितिज डुलते. ड्रॉप टाइम वाढवावा तशी ही ओढ कमी होते. त्याबदल्यात कॅमेरा सरळ ठेवण्याची जबाबदारी बोटांवर येते. धावते, अचानक थांबणारे शॉट असतील तर अनुभवी ऑपरेटर ही जबाबदारी घेतातच.

शेवटची परीक्षा डायनॅमिक बॅलन्सची, म्हणजे फिरतानाच्या तोलाची. उभा असताना निश्चल दिसणारा दांडा हळू गिरकी देताच भोवऱ्यासारखा डगमगू शकतो. गिरकीत प्रत्येक वजन बाहेर ओढ घेते आणि कॅमेरा, मॉनिटर, बॅटरी वेगवेगळ्या उंचीवर असल्याने या ओढी समोरासमोर येत नाहीत, त्या दांड्याला तिरपा करतात. मॉनिटर पुढे आणि बॅटरी मागे पण मॉनिटरपेक्षा खाली, अशा नेहमीच्या मांडणीत हा तिरपेपणा मोडायला वरचा कॅमेरा अक्षाच्या थोडा मागे हवा. ते २ सेंटिमीटर यासाठी. डगमग दिसली तर बॅटरी थोडी आत किंवा बाहेर घ्यायची, कॅमेरा सरकवून पुन्हा उभा तोल साधायचा, पुन्हा गिरकी द्यायची. काम किचकट आहे, वेळ खाते, आणि घाईच्या सेटवर सर्वांत आधी तेच टाळले जाते. झपकन वळणारा शॉट नेमका तिथेच वाकडा पडतो.

स्लेडचा तोल अचूक असला तरी आर्म न जुळवता उपयोग नाही. हात सोडल्यावर आर्मचे दोन्ही भाग जवळपास आडवे तरंगले पाहिजेत; कॅमेरा वर चढत असेल तर ताण कमी, बसत असेल तर जास्त करायचा. व्हेस्टच्या सांध्यातले स्क्रू ऑपरेटरच्या उभे राहण्याच्या ढबीप्रमाणे फिरवतात, म्हणजे स्लेड अंगावर येत नाही आणि दूरही पळत नाही. चित्रीकरणात एक हात गिंबलच्या मुठीवर असतो आणि आर्मला दिशा देतो. दुसऱ्याची दोन-तीन बोटे गिंबललगत दांड्याला हलकेच टेकतात. दांडा मुठीत आवळला की शरीराचे सगळे धक्के कॅमेऱ्यात जातात.

लेन्स जमिनीलगत हवी असेल तर स्लेड उलटा करून कॅमेरा खाली घेतात. ‘द शायनिंग’ (१९८०) या स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या चित्रपटात मुलाच्या तीनचाकीमागे हॉटेलच्या मार्गिकांतून कॅमेरा फिरतो, तेव्हा तो खाली ठेवून व्हीलचेअरवर बसवला होता. उलट्या जुळणीचा तोल वेगळा असतो, तो पहिल्यापासून साधावा लागतो. वाऱ्याला मात्र कोणताच तोल पुरत नाही. ज्याला बोटांनी अलगद वळवता येते त्याला वाराही वळवतो, म्हणून समुद्रकिनारी किंवा घाटमाथ्यावर ऑपरेटरच्या बाजूने आडोसा धरून कोणीतरी चालते.

२०१३ मध्ये फ्रीफ्लाय कंपनीने मोव्ही हे मोटरवर चालणारे गिंबल दाखवले, २०१४ मध्ये डीजेआयचे रोनिन आले आणि स्थिर चित्रण छोट्या स्टुडिओंच्या आवाक्यात आले. यात तीन अक्षांवर तीन मोटरी असतात. संवेदक कॅमेऱ्याचे कलणे ओळखतात आणि मोटरी ते तत्क्षणी परतवतात. मोटर आहे म्हणून तोल नको, हा समज घातक आहे. मोटर बंद ठेवूनच जुळणी करायची. लेन्स समोर रोखून कॅमेरा पुढे-मागे सरकवायचा, मग लेन्स आकाशाकडे करून वर-खाली, त्यानंतर डावे-उजवे, शेवटी मूठ तिरपी धरून आडवे फिरणे तपासायचे. प्रत्येक वेळी ठेवाल तिथे कॅमेरा थांबला पाहिजे. एवढे झाल्यावर यंत्र चालू करून मोटरींचा जोर ठरवायचा. तोल चुकला असेल तर मोटर गुणगुणते, तापते, बॅटरी लवकर उतरते आणि चित्रात बारीक कंप येतो. तोल बरोबर असूनही कंप असेल तर मोटरींचा जोर जास्त झालेला असतो.

तीन अक्षांचे गिंबल कॅमेऱ्याचे कलणे-वळणे थांबवते. पावलागणिक होणारे वर-खाली थांबवत नाही. ते काम स्टेडीकॅममध्ये आर्म करतो. हे वर-खाली दूरच्या डोंगरावर दिसत नाही, पण जवळचा खांब किंवा चेहरा फ्रेममध्ये आला की लगेच डोळ्यांत भरते. महाराष्ट्रात आज लग्नाच्या चित्रीकरणाला गिंबल सर्रास असते आणि वरातीतले किंवा मांडवातले शॉट बहुतेक जवळचेच असतात. त्यामुळे तिथे गुडघे जरा वाकवून, टाच आधी टेकवत, पाऊल सावकाश सोडत चालण्याचा सराव लागतो. मोठ्या निर्मितीत मोटरचे गिंबलच स्प्रिंगांच्या आर्मवर चढवतात. तेव्हा आधी गिंबलवरील कॅमेऱ्याचा तोल साधतात आणि मग एकूण वजन धरून आर्मचा ताण जुळवतात.